थ्री म्हणायचं नाही

“बाई, पळायला काय शिकवायचं असतं वो त्यात? कुत्रं मागं लागलं की पोरी आपसूक पळत्यात.”

असं म्हणून शिंत्रे आण्णांनी माझा अर्ज न वाचताच टेबलाच्या कडेला सरकवला आणि पानाचा डबा पुढं ओढला. आण्णा म्हणजे आमच्या सांबरवाडीच्या शाळेचे चेअरमन. सहा फूट उंची, डोक्याला केशरी फेटा, आणि आवाज असा की त्यांनी ऑफिसात शिंक दिली तर सातवीच्या वर्गात पोरं उभी राहायची. मी त्या शाळेची पी.टी.ची बाई, शैला तोडकर. तालुक्यातली पहिली बाई पी.टी. टीचर, असं हेडसर पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे. आण्णाही तेच सांगायचे, पण पोटात दुखल्यासारखं तोंड करून.

दर एप्रिलला मला कामावरून कमी करायचं आणि जूनला पुन्हा घ्यायचं, असा खेळ चालला होता. परमनंट करा म्हणून पहिला अर्ज दिला, तेव्हा आण्णा म्हणाले होते, “बघू.” हा दुसरा.

“आण्णा, आपल्या पोरींनी जिल्ह्याला खोखोची ढाल आणली...”

“आणली, न्हाई कोण म्हणतंय? पण शिस्त? परवा प्रार्थनेला निम्म्या पोरी उजवीकडं वळल्या, निम्म्या डावीकडं.”

“त्या दिवशी मैदानात गाढव शिरलं होतं.”

“तेच म्हणतो मी. गाढवाला शिस्त न्हाई, तुमच्या पोरींनाबी न्हाई.” आण्णांनी पानाला चुना लावला. “हे बघा, येत्या रविवारी माझी गूळतुला हाय. साठ वर्षं पुरी झाली. जिल्ह्याचे मोठे पाहुणे येणार. सगळा कार्यक्रम तुमच्याकडं. जरा म्हणून हिकडंतिकडं न होता पार पडला, तर तिसऱ्यांदा अर्ज घेऊन या. न्हाईतर जूनपासनं घरी बसून भाकऱ्या थापा.”

आमचा सगळा मुलूख गुळाचा. तिकडं माणसाचा मान करायचा तर हार-तुऱ्यांनी भागत नाही. मोठ्या तराजूच्या एका पारड्यात माणूस बसवतात, दुसऱ्यात त्याच्या वजनाचा गूळ घालतात, आणि मग तो गूळ बोर्डिंगच्या पोरांना जातो. आण्णांची आई लहानपणी त्यांना म्हणायची म्हणे, तुझी एक दिवस गूळतुला होईल. त्यामुळं आण्णा त्या तराजूत बसण्यासाठीच साठ वर्षं जगले होते म्हटलं तरी चालेल.

आणि मी? माझ्या खोलीवर माझा थोरला भाऊ येऊन बसला होता. मला घेऊन जायलाच. शिट्टी फुंकत हिंडणारी बहीण त्याला चारचौघांत जड जात होती. गावाकडं त्यानं एक बिजवर हेरून ठेवला होता.

“दोन ट्रॅक्टर हायत त्याच्याकडं, शैले,” दादा उठता-बसता सांगायचा, जणू माझं लग्न त्यातल्या एका ट्रॅक्टरशीच लागणार होतं.

“रविवारपर्यंत थांब,” मी म्हटलं. “नोकरी टिकली तर एकटा जा. नाही टिकली तर येते तुझ्याबरोबर.”

म्हणाले खरी, पण त्या रात्री भाकरी तशीच झाकून ठेवली. मला ती शाळा आवडत होती हो. त्या पोरी, तो लाल मातीचा खडखडीत माळ, सकाळी पहिली शिट्टी मारल्यावर दीडशे पाय एकदम थांबायचे तो आवाज. त्या आवाजापुढं ट्रॅक्टर काय चीज आहे!

शनिवारी दुपारी मी सगळ्यांना लेझमा ठेवायच्या खोलीत बोलावलं. गूळबाजारातल्या हमालांचे मुकादम दौलूमामा आले. बँडवाले सोनबा मास्तर आले. फोटोवाले मुजावरचाचा आले. माईकवाला शिवलिंग तेवढा नव्हता. तो कर्णा घेऊन शेजारच्या गावात बारशाला गेला होता. म्हटलं, जाऊ दे, माईकवाल्याला काय सांगायचं असतं?

“सगळं एकाच वेळी सुरू व्हायला पाहिजे,” मी म्हटलं. “आण्णा पारड्यात बसले की मी माईकवर वन टू थ्री म्हणते. थ्रीला दौलूमामा गुळाच्या पारड्याखालचा टेकू काढतील, बँड वाजेल, पोरींची लेझीम सुरू होईल, चाचा फोटो काढतील आणि शिपाई फटाक्यांची माळ पेटवेल.”

“थ्रीला म्हंजे कवा?” दौलूमामा म्हणाले.

“थ्रीला म्हणजे थ्रीला.”

“थ्री म्हणताना, का म्हणून झाल्यावर?” मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणजे आता ते लवकर उठणार नव्हते. “आमी पोतं उचलतो ते थ्रीच्या संगट. वनला धरायचं, टूला दम भरायचा, आणि थ्री तोंडातनं पडताना पोतं खांद्यावर पायजे. म्हणून झाल्यावर उचललं की दम सुटला आणि कंबर गेली.”

सोनबा मास्तर गालात हसले. “आमच्यात थ्रीला कोण इचारतंय? थ्री म्हंजे नुसतं ओठ ओलं करायचं. फोर झाल्याबिगर माझा एक गडी फुंकायचा न्हाई.”

“मग फोर तुम्ही मनातल्या मनात म्हणा, मास्तर.”

“माझ्या मनातलं ढोलवाल्याला कसं ऐकू जाणार?”

“आणि पळताना,” मी म्हटलं, “थ्री पुरतं व्हायच्या आत जिचा पाय उचलला, तिला मी फाऊल देते. म्हणजे पोरी थ्री संपल्यावरच हलणार.”

मुजावरचाचा इतका वेळ बशीतला चहा फुंकत होते. ते शांतपणे म्हणाले, “मला तुमच्या थ्रीशी काई देणंघेणं नाई. मी टूलाच खटका दाबतो.”

“टूला?”

“थ्रीची वाट बघत बसलं की माणसं श्वास कोंडतात, डोळं वटारतात. मढ्यासारखी दिसतात, बाई. म्हणून थ्री येतंय असं दाखवायचं आणि टूलाच उरकून टाकायचं. सगळ्या गावाचे फोटो मी टूलाच काढलेत.”

दौलूमामांचं तोंड हळूहळू लाल झालं.

“म्हंजे माझ्या लग्नातबी?”

“तुझ्या लग्नातबी.”

“तरीच!” मामा ताडकन उठले. “तरीच माझं तोंड उघडं आलंय! आरं, मी थ्रीला मिटणार हुतो की! इतकी वर्सं बायको म्हणती, बोहल्यावर जांभई देत हुता!”

मग जी बोलाबोली जुंपली ती काही विचारू नका. एकेकाचा थ्री वेगळा, आणि जो तो आपलाच थ्री खरा म्हणून हटून बसला. मास्तर म्हणाले, बँडात थ्रीला सुरू करणं म्हणजे पंगतीत आधी ताक वाढणं. मामा म्हणाले, पंगतीचं नका सांगू, तुमची पोरं पंगतीत कशालाच थांबत न्हाईत. माझ्या नाकी नऊ आले. शेवटी मी शिट्टी काढली आणि त्या एवढ्याशा खोलीत अशी फुंकली की चाचांची बशी कलंडली.

“आता ऐका. उद्यापुरता सगळ्यांचा थ्री एकच. कर्ण्यातून थ्री ऐकू आलं की त्याच क्षणी सुरू. आधी नाही, नंतर नाही, फोर नाही, टू नाही.”

“आणि गलक्यात तुमचा आवाज वळखू आला न्हाई तर?” मामांनी विचारलं.

“ओळखत कशाला बसता? कर्ण्यातून थ्री आलं की ते माझंच समजायचं. विचार करायचा नाही, काम करायचं.”

हे माझे शब्द. मग संध्याकाळपर्यंत मी त्यांच्याकडून घोटून घेतलं. इतकं घोटून घेतलं की शेवटी माझ्या तोंडून नुसतं ‘थ्री’ निघालं तरी मास्तरांचा हात आपोआप वर जायचा. मुजावरचाचांनी तर कुराणाची शपथ घ्यायची तयारी दाखवली, की उद्याच्या दिवस टूला बोट लावणार नाई. मी धन्य झाले. अशी शिस्त आण्णांनी बघितली नसेल, असं मनात म्हणत झोपले.

रविवारी सकाळी माळावर मांडव सजला. मधोमध लाकडाच्या तीन जाड वाशांचं तिकाटणं, त्याला टांगलेला बाजारातला जंगी तराजू. दोन्ही पारडी म्हणजे दोरांनी टांगलेल्या फळ्या, वर लाल कापड. एका बाजूचं पारडं जमिनीला टेकलेलं, आण्णांना चढायला सोपं जावं म्हणून. दुसऱ्या बाजूचं वर उचलून त्याच्याखाली शाळेचा बाक लावलेला. तो टेकू. त्यावर दौलूमामांच्या गड्यांनी गुळाच्या मोठाल्या ढेपा, आमच्याकडचे रवे, उतरंडीसारख्या रचल्या होत्या. पुरा क्विंटलभर गूळ, कारण आण्णांनी सांगून ठेवलं होतं, “माझं वजन शंभर किलो हाय. कमी घालाल तर खबरदार.”

आता खरी गोष्ट अशी की सहा महिन्यांपूर्वी आण्णांना साखरेचा आजार निघाला होता. डॉक्टरांनी भात बंद केला, गोड बंद केलं, आणि आण्णांचा सदरा दोरीवर वाळत घातल्यासारखा अंगावर लोंबत होता. हे सगळ्या गावाला दिसत होतं. पण शंभर किलो नाही असं आण्णांना सांगणार कोण?

पाहुणे यायला अवकाश होता. आण्णा लवकर आले, तराजूकडं बघून त्यांचे डोळे भरल्यासारखे झाले.

“जरा बसून बघू का?” ते म्हणाले. “धोतर फोटोत कसं दिसतंय?”

पारड्यात मांडी घालून बसले. फेटा सारखा केला. दोन्ही हातांनी दोर धरले. दौलूमामांचे गडी बाकापाशी उभे. मास्तरांची पोरं सनया-क्लॅरिनेट पुसत होती. पोरी रांगेत. चाचा आपला कॅमेरा लावून काळ्या कापडात शिरलेले. शिपायाच्या हातात उदबत्ती. गर्दीत माझा भाऊ, पिशवी भरून तयार.

मी फाटकापाशी रांगोळी बघत होते. तेवढ्यात मागं ‘फू, फू’ असा आवाज आला. वळून बघते तर शिवलिंग आलेला! सायकल आडवी टाकलेली, कर्णा बाभळीला बांधलेला, बॅटरी जोडलेली, आणि माईक तोंडापाशी.

माईकवाला माईक हातात घेतल्यावर काय म्हणतो, हे माझ्या डोक्यात आलं आणि तोंडचं पाणीच पळालं.

पदर खोचला आणि पळाले. आयुष्यात पळाले नाही अशी पळाले. “शिवलिंगा, नको! शिवलिंगा, गप!” लांबून त्याला वाटलं, आवाज येत नाही म्हणून बाई ओरडतायत. त्यानं मान डोलावली आणि कर्ण्यातून सगळ्या माळभर घुमला आवाज:

“हॅलो, हॅलो! माईक टेस्टिंग! वन...”

दौलूमामांनी बाक धरला.

“टू...”

खट्! जन्माची सवय ती. चाचांचं बोट गेलंच.

“थ्री!”

काय सांगू महाराजा! टेकू निघाला. क्विंटलभर गूळ दाणकन जमिनीवर आला आणि आमचे चेअरमन मांडीसकट आभाळाकडं निघाले. बँडानं वरातीची चाल धरली. पोरींनी लेझीम सुरू केली, आणि काय सुरेख केली! फटाक्यांची माळ कडाडली. एकही गडी क्षणभर मागं-पुढं झाला नाही. आणि त्या सगळ्या थाटामाटावर, मांडवाच्या छताला फेटा टेकवून, दोन्ही दोरांना मिठी मारून आण्णा लोंबकळत होते.

“आरं उतरवा मला! आईऽऽ गं! उतरवा!”

मामांच्या चौघा गड्यांनी धावत जाऊन गुळाचं पारडं चार बाजूंनी धरलं आणि उचललं. तिकडं आण्णा निम्म्यापर्यंत खाली आले. पण पारडं हललं आणि वरचे रवे डुगडुगले.

“थांबा!” मामा ओरडले. “उतरंड ढासळली तर सायेब नारळासारखं खाली येतील! बाई, मोजा! मोजल्याबिगर चौघांचा जोर एकदम लागत न्हाई!”

“मोजू नका!” वरून आण्णा किंचाळले. “कुणी थ्री म्हणू नका रे! जो थ्री म्हणंल त्याचं मुस्काट फोडीन!”

शिवलिंग बिचारा आज्ञाधारक. त्यानं माईक उचलला आणि सगळ्या गावाला बजावलं, “ऐका हो, सायेब सांगत्यात, कुणीबी थ्री म्हणायचं न्हाई! थ्री म्हणायचं न्हाई!”

कर्ण्यातून थ्री आलं. गड्यांनी पारडं सोडलं. गूळ खाली, आण्णा वर. बँड, लेझीम, सगळं पुन्हा पहिल्यापासून. दुसरा थ्री आला तसे मास्तर आणखी जोरात सुरू झाले. मी शिट्टी फुंकून फुंकून त्यांना थांबवलं आणि शिवलिंगाच्या हातून माईक हिसकावून घेतला. गर्दीत दादा डोक्याला हात लावून उभा होता. माझी नोकरी तिथं छताला लटकत होती, आणि खाली पडली तर माझी हाडं मोडणार होती, आण्णांची नव्हे.

“आता तीन तिगाडा, काम बिगाडा,” मामा कपाळ पुसत म्हणाले. “मराठीत मोजा, बाई. एक, दोन...”

“तीनबी म्हणू नका!” वरून आवाज आला. “तीन म्हंजे थ्रीच की रे गाढवा!”

मी वर बघितलं. ज्या माणसाला सगळा गाव चळचळा कापायचा, तो लहान पोरासारखा दोराला बिलगून बसला होता. मला त्यांची कीव आली, खरं सांगते. आणि लक्षात आलं की त्यांना पडायची भीती नव्हती एवढी, दुसऱ्याच्या तोंडून येणाऱ्या त्या शब्दाची होती.

“आण्णा,” मी म्हटलं, “तुम्हीच मोजा.”

“आं?”

“तुम्ही म्हणाल तेवढंच होईल. तुम्ही थांबाल तिथं हे थांबतील. दुसऱ्या कुणाचं कुणी ऐकायचं नाही. मामा, ऐकलंत?”

“ऐकलं.”

शिवलिंगानं माईक वेळूला बांधून वर आण्णांच्या तोंडापाशी धरला. कर्ण्यातून आधी नुसता श्वास ऐकू आला. मग:

“वन.”

गड्यांनी पारडं धरलं.

“टू.”

गड्यांनी दम भरला. गावानं वर माना केल्या. आण्णांचे ओठ ‘थ्री’साठी पुढं आले आणि तसेच राहिले. तेवढ्यात वेशीबाहेर जीपचा हॉर्न वाजला. पाहुणे!

“टू...” आण्णा म्हणाले. “टू...”

कुणी हलेना.

“सव्वादोन!”

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, “सव्वादोन म्हणजे वीतभर!” गड्यांनी गुळाचं पारडं अलगद वीतभर उचललं. आण्णा वीतभर खाली आले. एक रवा हलला नाही. आण्णांनी एक डोळा उघडला.

“अडीच,” जरा धीरानं.

आणखी खाली. फेटा छतापासून सुटला.

“पावणेतीन!” आता आवाजात चेअरमन परत आले होते. कुणीतरी बाकाचा टेकू गुळाखाली ढकलत आणला. आण्णा जमिनीपासून हातभर वर. जीप फाटकाशी थांबली.

“म्हणा, आण्णा,” मी हळूच म्हटलं. “आता म्हणा.”

“पावणेतीन... पावणेतीन आणि वर एक आणा... दोन आणे...” अंगुळ-अंगुळ करत आण्णा उतरत होते. पार टेकायला आले तेव्हा त्यांनी डोळे मिटले, आणि पहिलीतल्या पोरासारखं अगदी बारीक आवाजात म्हणाले, “थ्री.”

पारडं जमिनीला टेकलं. गुळाचं पारडं बाकावर बसलं. बँड वाजला, लेझीम सुरू झाली, आणि शिपायानं दुसरी माळ लावली. फाटकातून पाहुणे आत येत होते. त्यांनी समोर बघितलं, पारड्यात मांडी घालून बसलेले आण्णा, एका तालात वाजणारा बँड, एका पावलात नाचणाऱ्या पोरी. पाहुण्यांनी तिथंच उभं राहून टाळ्या वाजवल्या.

“वा, शिंत्रे! काय वेळ साधलीय! ही शिस्त कुणाची?”

आण्णा दोर सोडायला तयार नव्हते. दोर धरूनच त्यांनी मान माझ्याकडं वळवली आणि म्हणाले, “आमच्या पी.टी.च्या बाईंची.”

पुढची खरी तुला बिनबोभाट झाली. मामांनी गुपचूप काही रवे आधीच उतरवले आणि कुणीही काहीही मोजलं नाही.

संध्याकाळी दादानं पिशवी उचलली, ती एकट्याचीच. “ट्रॅक्टरवाल्याला न्हाई म्हणून सांगतो,” तो म्हणाला. “चेअरमनला तू वीत-वीत करून खाली आणलंस. त्या बिचाऱ्याचं काय व्हायचं तुझ्याफुडं?” आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून एस.टी.कडं गेला. मला तेव्हा रडू आलं, ते हसण्यात लपवलं.

दोन दिवसांनी मी अर्ज घेऊन ऑफिसात गेले. आण्णांच्या टेबलावर चाचांनी काढलेला फोटो होता. टूला काढलेला. पारड्यात आण्णा असे बसलेत की जणू आत्ताच राज्याभिषेक झालाय, चेहऱ्यावर साठ वर्षांचं समाधान. आणि मागच्या बाजूला, रांगोळी तुडवत, पदर खोचून, दोन्ही पाय जमिनीपासून वर, तोंड उघडं, अशी मी.

आण्णांनी फोटोतल्या माझ्या अधांतरी पायांवर बोट ठेवलं.

“बाई,” ते म्हणाले, “पळायला शिकवायचं असतं. पटलं.” मग नेहमीसारखा घसा खाकरून चष्मा लावला आणि आवाज चढवला. “हां, काय आणलंय? परमनंटचा अर्ज? ह्या आधी किती झाले? हा कितवा?”

“आण्णा, हा नंबर थ्री...”

आण्णांचे दोन्ही हात टेबलाच्या कडांना घट्ट जाऊन बसले.

“म्हणू नका,” ते म्हणाले. “कुठं सही करू तेवढं सांगा.”